पांढऱ्या दातांची संथ वाट

निरोगी दात पांढराशुभ्र नसतो. वरचे इनॅमल हे मानवी शरीरातले सर्वांत कठीण द्रव्य आहे. त्याच्या वजनात सुमारे ९६ टक्के खनिज असते. पण ते अर्धपारदर्शक असते आणि त्याखालचा डेंटिनचा थर मुळातच पिवळसर असतो. या दोन्ही थरांतून परत येणारा प्रकाश म्हणजे आपल्याला दिसणारा दाताचा रंग. सुळ्यात डेंटिन जास्त, म्हणून तो शेजारच्या दातांहून नेहमीच थोडा पिवळा दिसतो. वय वाढते तसे इनॅमल झिजते, आत नवे डेंटिन साचत जाते आणि पन्नाशीतला दात विशीतल्या दातापेक्षा गडद होतो. यात रोग कुठेच नाही. तरीही तुळशीचे लग्न लागून लग्नसराई सुरू झाली की साड्या, दागिने आणि फोटोग्राफर यांच्या जोडीने दात पांढरे करणे हेही आता तयारीच्या यादीत असते. कोळशाची पेस्ट, लिंबू आणि खाण्याचा सोडा, निळ्या दिव्याचा संच, तासाभरात दात उजळून देण्याची हमी, असे उपायही मोबाइलवर हात जोडून उभेच असतात. त्यांतून निवड कशी करायची याचे माझे उत्तर थोडक्यात असे: दात कशामुळे रंगला हे आधी तपासून घ्यावे, आणि मग ज्याचा परिणाम सिद्ध झाला आहे असा सर्वांत सौम्य उपाय सावकाश करावा. पांढरेपणा मिळवणे अवघड नाही. नुकसान होते ते बहुतेक वेळा घाईमुळे किंवा निदान चुकल्यामुळे.

निदानाला पहिला मान का, हे डागांच्या जातींवरून कळते. काही डाग दाताच्या पृष्ठभागावर बसतात. चहा-कॉफी, पान, तंबाखू, विडी-सिगारेट, लोहाची पातळ औषधे यांचे डाग या जातीचे. क्लोरहेक्सिडीन असलेले माउथवॉश सलग काही आठवडे वापरले तरी दात तपकिरी होतात, आणि पुष्कळांना हे माहीत नसल्याने ते डाग घालवायला तेच माउथवॉश आणखी वापरतात. महाराष्ट्रात यात मिश्रीची भर पडते. तव्यावर भाजून काळी केलेली ही तंबाखूची पूड खेड्यापाड्यांतून, विशेषतः बायका, दात घासण्यासाठी म्हणून लावतात आणि तिची सवय जडते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२मध्ये बंदी घातली, पण घरच्या तव्यावर तो कायदा पोहोचत नाही. दुसऱ्या जातीचा रंग दाताच्या आत असतो: वयाचा पिवळेपणा, मार लागून आतली नस मेल्यावर येणारा करडेपणा, लहानपणी दिलेल्या टेट्रासायक्लिनचे पट्टे, पाण्यातल्या फ्लोराइडमुळे येणारे पांढरे-तपकिरी ठिपके. पहिल्या जातीच्या डागाला ब्लीचची गरज नसते, आणि दुसऱ्या जातीचा डाग कितीही घासला तरी हलत नाही. कोणताही उपाय निवडण्यापूर्वी आपल्या दाताचा रंग यांपैकी कोणत्या खात्यातला आहे हे कळलेच पाहिजे.

ज्यांना आपले दात पिवळे वाटतात त्यांतल्या अनेकांचे काम पहिल्या पायरीवरच होते. ती पायरी म्हणजे दात साफ करून घेणे, दवाखान्यातल्या बोलीत स्केलिंग. लाळेतले क्षार दातांवरच्या थरात साचून त्याचे कीटण होते. ते खरखरीत असल्याने त्यावर चहा-तंबाखूचा रंग लवकर चढतो. वेगाने थरथरणारे टोक आणि पाण्याचा बारीक फवारा यांनी डॉक्टर ते कीटण फोडून काढतात आणि मग रबराच्या फिरत्या वाटीने पृष्ठभाग गुळगुळीत करतात. खरचटल्याचा आवाज येतो, पण टोक नीट धरले तर निघते ते कीटण, दात नव्हे. स्केलिंगने दात सैल होतात, फटी पडतात, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. त्यामागचे निरीक्षण खरे आहे, काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा. वर्षानुवर्षे साचलेल्या कीटणाने हिरडी खाली सरकलेली असते आणि मोकळी झालेली जागा कीटणानेच भरलेली असते. ते काढले की आधीच पडलेली फट उघडी दिसते आणि कीटणाच्या आधाराने तग धरून असलेला दात हलतो. दोष सफाईकडे जातो. आजार तिच्या कितीतरी आधीचा असतो. सफाईनंतर दोन आठवड्यांनी आरशात पाहावे. रंगाने समाधान झाले असेल तर पुढचा खर्च करण्याचे कारण उरत नाही.

घरगुती उपायांची बाजू अशी मांडली जाते की ते नैसर्गिक आहेत, पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत, आणि रसायनापेक्षा केव्हाही बरे. या म्हणण्याकडे आदराने पाहायला हवे, कारण गोवऱ्यांच्या राखुंडीने आणि कडुलिंबाच्या काडीने अनेक पिढ्यांनी तोंड स्वच्छ ठेवले. पण दाताच्या दृष्टीने पदार्थ नैसर्गिक आहे की कारखान्यातला, याला महत्त्व नाही. तो किती खरखरीत आहे आणि किती आंबट आहे, एवढेच दाताला कळते. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत नाहीशा होतात. त्यामुळे हाड सांधते, कातडी भरून येते, पण झिजलेले इनॅमल पुन्हा येत नाही. तोंडातला सामू साधारण ५.५च्या खाली गेला की इनॅमलमधले खनिज विरघळू लागते, आणि लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३च्या दरम्यान असतो. चिंच-कैरी खाल्ल्यावर दात आंबतात ते याच गुणामुळे. लिंबू चोळून लगेच ब्रश करणारा माणूस नरम झालेला थर स्वतःच्या हाताने खरवडून काढत असतो. पहिल्या दिवशी दात खरेच उजळ दिसतात, कारण डागासकट इनॅमलची वरची साय गेलेली असते. हे पुढे चालूच राहिले तर इनॅमल पातळ होते, खालचे डेंटिन अधिक दिसू लागते आणि दात पूर्वीपेक्षा पिवळा होतो. स्ट्रॉबेरी आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी तपासले, तेव्हा दात खऱ्या अर्थाने पांढरे झाल्याचे आढळले नाही. निव्वळ खाण्याचा सोडा फारसा खरखरीत नसतो आणि वरवरचे डाग तो काढतो. आतल्या रंगाला त्याचा हात लागत नाही.

कोळशाचेही तसेच. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१७मध्ये कोळशाच्या दंतमंजनांवरच्या उपलब्ध संशोधनाचा आढावा प्रसिद्ध झाला, आणि ती सुरक्षित किंवा परिणामकारक असल्याच्या दाव्यांना पुरेसा आधार त्यात सापडला नाही. पांढरेपणाचे नाव घेऊन विकल्या जाणाऱ्या टूथपेस्टबद्दलही नीट समजून घ्यावे. त्या बहुधा किंचित जास्त घासून वरचा डाग काढतात. काहींमध्ये निळसर रंगद्रव्य असते, ते दातावर पातळ थराने बसून पिवळेपणा झाकते आणि काही तासांत धुऊन जाते. पेस्टचा खरखरीतपणा मोजण्याची आंतरराष्ट्रीय पट्टी आहे, आणि तिच्यावर २५० ही कमाल मर्यादा मानली जाते. त्या मर्यादेतली पेस्ट मऊ ब्रशने, हलक्या हाताने वापरली तर बिघडत नाही. मात्र तिच्याकडून आतला रंग बदलण्याची अपेक्षा ठेवू नये, आणि अपेक्षा पुरी होत नाही म्हणून जोर वाढवू नये. हिरडीजवळ दातावर पडणाऱ्या खाचा अशाच जोर लावून आडवे घासण्याच्या सवयीतून पडतात.

आतला रंग बदलण्याचा मार्ग सापडला तो हिरड्यांवर औषध करताना. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात बिल क्लूझमायर या दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टरांनी सुजलेल्या हिरड्यांसाठी कार्बामाइड पेरॉक्साइडचे द्रावण रात्री तोंडातल्या साच्यात घालून झोपायला सांगितले. हिरड्या सुधारल्याच, शिवाय दातही उजळले. ही माहिती बरीच वर्षे डॉक्टरांच्या आपसांतल्या बोलण्यातच राहिली. १९८९मध्ये व्हॅन हेवूड आणि हॅराल्ड हेमन यांनी ती पद्धत शास्त्रीय निबंधात मांडली, आणि आजची घरगुती ब्लीचिंगची रीत तिथून सुरू झाली. कार्बामाइड पेरॉक्साइड तोंडात फुटते तेव्हा त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि युरिया निघतो; १० टक्के जेलमधून मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड साडेतीन टक्क्यांच्या आसपास भरते. त्याचे रेणू इतके लहान असतात की इनॅमलमधून ते आत शिरतात आणि रंग देणाऱ्या मोठ्या रेणूंचे बंध तोडतात. तुटलेले रेणू प्रकाश कमी शोषतात, म्हणून दात फिकट दिसतो. या क्रियेत दात खरवडला जात नाही, आणि घासण्याच्या सर्व उपायांपासून ती वेगळी ठरते ती इथेच.

आता घाईचा मुद्दा. दवाखान्यात एका बैठकीत केले जाणारे ब्लीचिंग २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने होते. घरी वापरायचे जेल सहसा १० ते १६ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे असते. तीव्र द्रव्याने रंग लवकर बदलतो, यात वाद नाही. पण शेवटी पोहोचायचे ठिकाण जवळजवळ तेच असते. इंडियाना विद्यापीठातील संशोधकांनी १० आणि १५ टक्क्यांच्या जेलची तुलना २०००मध्ये प्रसिद्ध केली. दोन आठवड्यांनी १५ टक्क्यांचे जेल पुढे होते. सहा आठवड्यांनी फरक उरला नव्हता. घरी करण्याच्या ब्लीचिंगवरच्या ७१ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१८मध्ये काढला. पुराव्याचा दर्जा कमकुवत असल्याचे त्यात स्पष्ट म्हटले आहे, तरी नुसत्या जेलपेक्षा औषधी जेलने दात उजळतात, आणि द्रव्य तीव्र तसे दात शिवशिवण्याचे व हिरडी चुरचुरण्याचे प्रमाण वाढते, ही दिशा त्यातून दिसते. निळ्या दिव्याचे म्हणाल तर दवाखान्यात तो लावून आणि न लावता केलेल्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा रंगात त्याने भर पडत नाही असेच दिसून आले. मग खुर्चीवरून उठताना दात इतके पांढरे कसे दिसतात? तासभर तोंड उघडे राहून दात कोरडे पडलेले असतात, आणि कोरडे इनॅमल अधिक पांढरे दिसते. लाळ पुन्हा भिनली की रंग थोडा मागे येतो. खरा निकाल एक-दोन आठवड्यांनीच कळतो. त्यामुळे ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या ज्या फोटोंतला दुसरा त्याच बैठकीत काढलेला असतो, त्यांवरून काही ठरवू नये.

सावकाश जाणारी रीत प्रत्यक्षात कशी असते ते पाहू. डॉक्टर आधी किडलेले दात, चिरा, जुन्या भरण्या आणि हिरड्या तपासतात, गरज असेल तिथे एक्स-रे काढतात. मग शेडची पट्टी दाताशेजारी धरली जाते. या पट्टीवर पोर्सेलिनचे १६ नमुनादात ए-१ पासून डी-४ पर्यंत लावलेले असतात. खिडकीच्या उजेडात, लिपस्टिक पुसून, जो नमुना दातात मिसळून जातो त्याची नोंद होते आणि फोटो काढला जातो. दोन्ही जबड्यांचे माप घेऊन पातळ, मऊ प्लास्टिकचे ट्रे तयार होतात, ते हिरडीच्या कडेपर्यंतच कापलेले असतात. रात्री ब्रश केल्यावर ट्रेमध्ये प्रत्येक दाताच्या पुढच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा जेलचा थेंब घालायचा, ट्रे बसवायचा, हिरडीवर आलेले जेल बोटाने पुसायचे आणि झोपायचे. साधारण दोन ते सहा आठवडे हे चालते. दात शिवशिवू लागले तर एक-दोन रात्री सोडाव्यात, किंवा ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट त्याच ट्रेमध्ये घालून थोडा वेळ ठेवावी. बहुतेकांचा त्रास उपचार थांबवताच काही दिवसांत जातो. रंग स्थिरावायला आणि त्यानंतर समोरच्या भरण्या बदलायच्या असतील तर आणखी दोन आठवडे हाताशी ठेवावे लागतात, कारण ब्लीचनंतर लगेच दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे नवी भरणी नीट चिकटत नाही. म्हणजे फेब्रुवारीत लग्न असेल तर डॉक्टरांकडे डिसेंबरात जायला हवे, आदल्या आठवड्यात नव्हे.

यावर पहिला आक्षेप येतो तो सुरक्षिततेचा: एवढे दिवस पेरॉक्साइड लावून दात कमकुवत होत नाही का? इनॅमलचा कठीणपणा थोडा घटल्याचे प्रयोगशाळेत दिसते, हे खरे आहे. पण तोंडात लाळेतले क्षार तो भरून काढतात. ट्रेची पद्धत वापरलेल्या लोकांची ९ ते १२ वर्षांनंतर केलेली तपासणी २००२मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यांच्या दातांना किंवा हिरड्यांना त्या उपचारामुळे चिंता करण्याजोगी इजा झाल्याचे आढळले नाही. तो गट लहान होता, म्हणून त्यावरून सरसकट हमी देता येणार नाही. पण हा निर्वाळा मिळाला तो सौम्य जेल, मापाचा ट्रे आणि डॉक्टरांची देखरेख या तिन्ही गोष्टी एकत्र असताना. यांतली एक जरी काढली तरी तो लागू पडत नाही. अठरा वर्षांखालील मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, किडके दात किंवा हिरड्यांचा आजार असलेले, आणि ज्यांचे दात आधीच थंड-गरमाने शिवशिवतात असे लोक, यांनी थांबलेलेच बरे.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. डॉक्टरांची फी परवडत नाही म्हणूनच माणसे स्वस्त संच मागवतात. पण त्या संचातला ट्रे सर्वांच्या मापाचा म्हणजे कोणाच्याच मापाचा नसतो. त्यातून जेल गळून हिरडी भाजते आणि किडीच्या भोकातून ते थेट नसेपर्यंत जाते. पुष्कळदा द्रव्य किती टक्के आहे हेही पाकिटावर नसते. युरोपीय महासंघाने २०१२पासून ०.१ टक्क्याहून अधिक आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादने फक्त दंतवैद्यांनाच विकण्याचा, पहिला वापर त्यांच्याच देखरेखीखाली करण्याचा आणि अठरा वर्षांखालच्यांना न देण्याचा नियम केला. दात पांढरे करणे हा दंतवैद्यकाचाच भाग आहे, असा निर्णय इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१३मध्ये दिला. आपल्याकडे १९४८च्या दंतवैद्य कायद्याने दातांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांना दिला, तरी पार्लर आणि मॉलमधल्या खुर्च्यांवर हे काम उघड चालते. तिथेही युरोपाइतकी स्पष्ट रेषा आखली गेली पाहिजे. खर्चाचा हिशेब मांडताना दोन गोष्टी विसरू नयेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबई महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात तपासणी आणि सफाई खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात होते. आणि मापाचा ट्रे एकदा केला की तो वर्षानुवर्षे टिकतो. रंग पुन्हा उतरला तर नुसते जेल आणून मोजक्या रात्रींत काम भागते. एका बैठकीचे महागडे ब्लीचिंग दर वेळी पहिल्यापासून करावे लागते.

काही दातांना ब्लीचचा उपयोग नसतो किंवा नुसत्या ब्लीचने भागत नाही, हे पैसे भरण्यापूर्वी सांगितले गेले पाहिजे. कॅप, व्हेनिअर आणि भरण्यांचा रंग पेरॉक्साइडने बदलत नाही. भोवतालचे दात उजळले की त्या उलट उठून दिसतात. मार लागून करड्या झालेल्या एकट्या दाताला बाहेरून जेल लावून फारसा फरक पडत नाही. त्याचे रूट कॅनाल करून औषध आत भरावे लागते, आणि त्यातही पूर्वी वापरली जाणारी अतितीव्र द्रव्ये व उष्णता टाळावी लागते, कारण त्यांनी मूळ विरघळल्याची उदाहरणे १९७९पासून नोंदली गेली आहेत. टेट्रासायक्लिनचे पट्टे सौम्य जेलने फिके होतात, पण त्याला सहा महिनेही लागू शकतात. फ्लोराइडचे डाग तर वेगळाच अभ्यास मागतात. १९०१मध्ये फ्रेडरिक मॅके या तरुण दंतवैद्याला कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावातल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. त्यांचे कारण पाण्यातले फ्लोराइड आहे, हे १९३१मध्ये सिद्ध झाले. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, आणि तिथल्या कित्येक मुलांच्या दातांवर हाच इतिहास लिहिलेला दिसतो. दात घडण्याच्या पहिल्या आठ वर्षांत ते पाणी पोटात गेले की डाग कायमचा होतो. अशा दातांवर ब्लीच सुरू केल्यावर पांढरे ठिपके आधी अधिकच ठळक दिसतात. पृष्ठभाग अगदी पातळ खरवडणे किंवा छिद्रांत राळ भरणे, हे उपाय ब्लीचच्या जोडीने डॉक्टरांनी ठरवून करायचे असतात.

तिसरा आक्षेप मूल्यांचा: पिवळसर दात निरोगी असतील तर ते पांढरे करण्याचा अट्टहास कशाला? गोऱ्या रंगाचे वेड आता दातांपर्यंत पोहोचले, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. जाहिरातीतला पांढरा रंग निसर्गात जवळजवळ आढळत नाही, आणि त्याच्या मागे लागणाऱ्याला समाधान मिळत नाही, नुसती एकामागून एक बैठक मिळते. पण तोंडावर हात धरून हसणाऱ्या, यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूरच्या मुलीला किंवा पुढचा एकच दात करडा असलेल्या मुलाला हा उपदेश करणे निर्दयपणाचे होईल. त्यांची इच्छा उथळ नाही. ती पुरी करण्याचा सुरक्षित मार्ग त्यांना उपलब्ध करून देणे हे वैद्यकाचे आणि समाजाचे काम आहे. फ्लोराइडच्या गावांत तर त्याआधी शुद्ध पाणी देणे हे शासनाचे काम आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५. ही मर्यादा विहिरीवर आणि हातपंपावर पाळली गेली, तर पुढच्या पिढीला या लेखातले निम्मे उपाय लागणारच नाहीत.

बाकीच्यांसाठी दवाखान्यात विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. माझ्या दाताचा रंग कशामुळे बदलला? सफाईने भागेल का? कोणते द्रव्य, किती टक्के, किती दिवस? माझ्या कॅप आणि भरण्यांचे काय होईल? सुरुवातीची शेड आणि दोन आठवड्यांनंतरची शेड कागदावर लिहून द्याल का? या प्रश्नांना सरळ उत्तरे देणारा आणि प्रसंगी ‘तुम्हाला ब्लीचची गरज नाही’ असे सांगणारा डॉक्टर निवडावा, मग त्याच्याकडे निळा दिवा असो वा नसो. लग्नाच्या तारखेला दोन महिने आहेत की दोन दिवस, यावर उपाय ठरू लागला तर तो हमखास चुकीचा ठरतो. दोनच दिवस उरले असतील तर दात साफ करून घ्यावेत आणि बाकीचे लग्नानंतर पाहावे.